कम्युनिटी कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी निधी-भोजन : खर्च वजा जाता २५,००० डॉलर उरतील असं गणित कसं बसवायचं?

मृद्गंधा

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) फाउंडेशनमध्ये कार्यक्रम समितीचं काम माझ्याकडे आलं आहे. फाउंडेशन ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे, आणि कॉलेजपासून कायद्याने वेगळी आहे. मार्चअखेर कॅम्पसवरच्याच हॉलमध्ये शिष्यवृत्तीसाठी निधी-भोजन करायचं ठरतंय. १२० पानं, तिकीट १०० डॉलर, जोडीला रॅफल (तिकिटांची सोडत) आणि सायलेंट ऑक्शन (कागदावर बोली लिहायचा लिलाव). सगळा खर्च वजा जाता २५,००० डॉलर हाती राहावेत असं बोर्डाचं म्हणणं आहे.

माझे प्रश्न असे:

तिकिटाच्या पैशांतून नक्की किती उरतं? रॅफल आणि ऑक्शनला परवानगी लागते का? तिकीट घेणाऱ्याला पूर्ण १०० डॉलरची करसवलत मिळते असं पत्रकात छापलं तर चालेल का? जमलेली रक्कम एन्डाउमेंटमध्ये (मुद्दल न मोडता परतावाच वापरायचा कायम निधी) टाकावी की पुढच्याच वर्षी वाटून टाकावी?

शिवाय दोन अडचणी आहेत. एक देणगीदार ३,००० डॉलर द्यायला तयार आहेत, पण ते त्यांच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीलाच मिळावेत अशी त्यांची इच्छा आहे. आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाला ५,००० डॉलरची शिष्यवृत्ती द्यायची आहे, पण फक्त मराठी मुलांसाठी. दोघांनाही दुखवायचं नाही. समितीतल्या काहींना भोजनाऐवजी ५ किलोमीटरची धाव हवी आहे, त्यावरही सांगा.

जमाखर्च

तिकीटविक्रीतून शिष्यवृत्ती निघत नाही, हे बोर्डाला पहिल्याच बैठकीत आकड्यांनिशी दाखवा. तिकिटाचे पैसे जेवणाचा आणि हॉलचा खर्च भागवतात. शिष्यवृत्तीचे पैसे प्रायोजकांकडून आणि त्या संध्याकाळच्या थेट आवाहनातून येतात.

तुमचेच आकडे घेऊ. केटररने माणशी ३८ डॉलर सांगितले की समितीला ते स्वस्त वाटतात. त्यावर २० टक्के सर्व्हिस चार्ज चढला की ४५.६० होतात. १२० पानांचे ५,४७२. केटरिंगवरचा सेल्स टॅक्स, साउंड, सजावट, छपाई, विमा, सफाई आणि कॅम्पस सेफ्टीचा ओव्हरटाइम, कार्डांची साधारण ३ टक्के फी, हे सगळं मिळून ३,००० धरा. एकूण खर्च ८,४७२.

आता जमा. १२० खुर्च्यांपैकी पैसे देऊन बसणारे १२० नसतात. प्रायोजकांच्या २० आणि विद्यार्थी, वक्ते, पाहुणे यांच्या १० खुर्च्या गेल्या की विकायला ९० उरतात. ९० तिकिटांचे ९,०००. म्हणजे सगळी तिकिटं खपली तरी हातात ५२८ डॉलर. दहा खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर तेही नाहीत, कारण केटररला पक्का आकडा आठवडाभर आधी द्यावा लागतो आणि त्या आकड्याचे पैसे द्यावेच लागतात.

प्रायोजकांची उतरंड अशी लावा: ५,००० चा एक (८ खुर्च्या), २,५०० चे तीन (प्रत्येकी ४ खुर्च्या), १,००० चे पाच (फक्त नाव आणि लोगो, खुर्ची नाही). एकूण १७,५००. तिकिटांचे ५२८ धरून १८,०२८ झाले. उरलेले ७,००० थेट आवाहनातून काढा, म्हणजे सूत्रसंचालक रक्कम पुकारतो आणि लोक हात वर करतात तो भाग. २,५०० चा एक, १,००० चे दोन, ५०० चे तीन, १०० चे दहा. एकूण ३३,५०० जमा, ८,४७२ खर्च, शिल्लक २५,०२८.

आवाहनातल्या वरच्या तीन रकमा आधीच ठरलेल्या असायला हव्यात. २,५०० पुकारले आणि हॉलमध्ये शांतता पसरली तर १०० डॉलरवालेही हात खाली ठेवतात. त्यामुळे त्या देणगीदारांशी पंधरा दिवस आधी बोलून त्यांची संमती घेऊन ठेवावी. यात खोटं काही नाही, पैसे तेच देतात, फक्त कधी हात वर करायचा ते ठरलेलं असतं. पुकारा नेहमी वरून खाली. खालून सुरू केलात तर २,५०० देणारा माणूस ५०० वरच हात वर करून मोकळा होतो.

प्रायोजक सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये गाठा. जानेवारीनंतर बहुतेक कंपन्यांचं वर्षाचं बजेट वाटून झालेलं असतं. परिसरातली रुग्णालयं (नर्सिंगचे विद्यार्थी त्यांच्याकडेच नोकरीला जातात), बँका, क्रेडिट युनियन, बांधकाम कंत्राटदार, कॉलेजचं पुस्तकांचं दुकान चालवणारी कंपनी, हे पहिले. मात्र ज्या कंपनीचं टेंडर सध्या कॉलेजपुढे उघडं आहे तिच्याकडे पैसे मागू नका, आणि कॉलेजच्या खरेदी विभागातल्या कोणालाही मागायला पाठवू नका. पुढे त्याच कंपनीला काम मिळालं तर त्या देणगीकडे बोट दाखवलं जाणार.

निशिगंध

हॉलबद्दल. फाउंडेशन वेगळी संस्था असल्यामुळे कॉलेजचा हॉल आपोआप फुकट मिळत नाही. फाउंडेशन आणि कॉलेज डिस्ट्रिक्ट (कॉलेज चालवणारी सरकारी संस्था) यांच्यात जो करार असतो त्यात सुविधा वापराचं कलम काय म्हणतं ते आधी वाचा. फॅसिलिटीजची विनंती किमान तीन महिने आधी जायला हवी, कारण वेळापत्रकात वर्ग, खेळ आणि विद्यार्थी क्लब यांना तुमच्या आधी जागा मिळते.

विमा: डिस्ट्रिक्ट सहसा प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलरचं दायित्व संरक्षण मागते आणि प्रमाणपत्रावर स्वतःचं नाव ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’, म्हणजे विम्याचं संरक्षण मिळणारा जादा पक्ष, म्हणून हवं असतं. नुसतं ‘सर्टिफिकेट होल्डर’ लिहिलेला कागद परत येतो. ही चूक एजंटकडून हमखास होते आणि आठवडा वाया जातो.

टेबलं: ६० इंची गोल टेबलाभोवती ८ माणसं नीट बसतात, १० हवी असतील तर ७२ इंची मागवा. तुमच्या १२० लोकांना ६० इंची १५ टेबलं लागतील. व्हीलचेअरसाठी वाट दारापासून मंचापर्यंत मोकळी हवी, फक्त मागच्या टेबलापर्यंत नव्हे, कारण बोलायला येणारा विद्यार्थीही व्हीलचेअरवर असू शकतो. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची सोय होईल हे नोंदणीच्या पानावरच लिहा, कारण दुभाषा ऐनवेळी मिळत नाही.

पार्किंगचे नियम त्या संध्याकाळपुरते शिथिल झाल्याचा लेखी ईमेल कॅम्पस सेफ्टीकडून घ्या. देणगीदार बाहेर पडला आणि काचेवर पार्किंगचं तिकीट दिसलं की तुमची संध्याकाळ त्याच्या दृष्टीने तिथेच बिघडली. गेस्ट वायफायवर कार्ड रीडर चालतात का हे त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी, दोन फोनांवर तपासा. हॉल भरला की नेटवर्क मंदावतं, म्हणून एक मोबाइल हॉटस्पॉट आणि कागदी देणगी कार्डं टेबलावर ठेवाच.

मद्य ठेवायचं असेल तर दोन वेगळ्या परवानग्या लागतात, एक डिस्ट्रिक्टची आणि दुसरी राज्याच्या एबीसी (मद्यनियंत्रण) खात्याचा एक दिवसाचा परवाना. पहिली नसेल तर दुसरीचा उपयोग नाही. पहिल्या वर्षी मद्य टाळा असं माझं स्पष्ट मत आहे. विमा वाढतो, सुरक्षारक्षक वाढतात, आणि १८-१९ वर्षांची मुलं त्याच हॉलमध्ये असतात.

वेळ: साडेपाचला नोंदणी आणि ऑक्शनची टेबलं, साडेसहाला जेवण, सव्वासातला भाषण, साडेसातला आवाहन, आठला समारोप. आवाहन गोडाच्या आधी. गोड वाढलं की लोक घड्याळ पाहायला लागतात आणि मागच्या रांगा रिकाम्या होतात.

रानवारा

कराचं बघू. ‘पूर्ण १०० डॉलर करसवलत’ असं मुळीच छापू नका.

तिकिटाच्या बदल्यात माणसाला जेवण मिळतं. त्या जेवणाची बाजारातली किंमत समजा ६० डॉलर. मग देणगी फक्त ४०. आणि रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर हे लेखी सांगणं फाउंडेशनवर बंधनकारक आहे. न सांगितल्यास प्रत्येक देणगीमागे १० डॉलर, एका कार्यक्रमाला ५,००० पर्यंत दंड. इथे एक गोष्ट बऱ्याच समित्या चुकवतात: किंमत पाहुण्याला काय मिळालं याची धरायची, तुम्हाला काय पडलं याची नाही. केटररने सगळं जेवण दान दिलं तरी पाहुण्याच्या दृष्टीने ते ६० डॉलरचं जेवणच आहे.

२५० डॉलर आणि त्यावरच्या देणगीला लेखी पोच हवीच. तीत रक्कम आणि ‘बदल्यात काही दिलं की नाही’ हे वाक्य असलं पाहिजे. हे वाक्य नसेल तर देणगीदाराची वजावट नाकारली जाऊ शकते. नुसता वटलेला चेक तिथे पुरावा म्हणून कामाला येत नाही.

रॅफलचं तिकीट ही देणगी नाहीच, तिची शून्य वजावट. कॅलिफोर्नियात रॅफलसाठी ॲटर्नी जनरलकडे आधी नोंदणी करावी लागते, ती वर्षापुरती असते, आणि रॅफलनंतर अहवालही द्यावा लागतो. एकूण विक्रीच्या किमान ९० टक्के रक्कम धर्मादाय कामालाच गेली पाहिजे, म्हणजे बक्षिसं आणि खर्च मिळून १० टक्क्यांत बसवायचे. म्हणून बक्षिसं दानातूनच आणा. अर्धे पैसे विजेत्याला देणारी ‘फिफ्टी-फिफ्टी’ तुमच्यासारख्या संस्थेला चालत नाही. तिकिटं ऑनलाइन विकता येत नाहीत, कागदी हवीत, फाडता येणाऱ्या अर्ध्या भागासह, दोन्हीवर एकच क्रमांक. १२० माणसांसाठी एवढं करून १,००० डॉलर येतील. माझ्या मते सोडून द्या.

ऑक्शन: प्रत्येक वस्तूच्या कार्डावर बाजारभाव छापा. २०० डॉलरच्या वस्तूला कोणी २८० दिले तर ८० ची वजावट, पण तो भाव बोली लावण्याआधी जाहीर असला तरच. सुरुवातीची बोली भावाच्या ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा, वाढ १० टक्क्यांची. जो आपलं सुट्टीतलं घर आठवडाभर वापरायला देतो किंवा फोटो काढून देण्याची सेवा देतो, त्याला स्वतःला वजावट मिळत नाही, सेवा आणि वापराचा हक्क यांना ती नाही. हे त्याला आधीच सांगा. वस्तूंच्या विक्रीवर सेल्स टॅक्स लागू होतो, धर्मादाय संस्था असण्याने सुटका नाही. सीडीटीएफए या राज्याच्या करखात्याकडून तात्पुरता सेलर्स परमिट (विक्रीचा परवाना) काढा.

प्रायोजकाचं नाव, लोगो, पत्ता, वेबसाइट दाखवलं तर ती नुसती दखल झाली. ‘शहरात सर्वोत्तम’, ‘या महिन्यात २० टक्के सूट’, ‘आजच खातं उघडा’ असं काही पत्रकात आलं की ती जाहिरात होते आणि त्या भागावर फाउंडेशनला कर लागू शकतो. मजकूर प्रायोजक पाठवतो, म्हणून छपाईआधी कोणीतरी प्रत्येक ओळ वाचलीच पाहिजे.

डोनर-ॲडव्हाइज्ड फंडातून (देणगीसाठी आधीच बाजूला काढलेला निधी) किंवा आयआरएच्या क्यूसीडीतून (निवृत्तीच्या बचत खात्यातून थेट संस्थेला जाणारी देणगी) तिकीट वा टेबल विकत घेता येत नाही, जेवण वजा करूनही नाही. अशा देणगीदाराला दोन व्यवहार करायला सांगा: तिकीट स्वतःच्या खिशातून, देणगी फंडातून. क्यूसीडी साडेसत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना करता येते आणि चेक आयआरए कस्टोडियनकडून थेट फाउंडेशनच्या नावे यायला हवा.

कार्यक्रमांतून १५,००० डॉलरच्या वर जमणार असल्याने फॉर्म ९९० (संस्थेचं वार्षिक करविवरण) सोबत शेड्यूल जी हे पुरवणीपत्र भरावं लागेल. त्यात देणगीचा भाग आणि जेवणाच्या किमतीचा भाग वेगळा दाखवायचा असतो. पहिल्या तिकिटापासून दोन स्तंभ ठेवलेत तर वर्षअखेर त्रास नाही.

उत्तरा

पैसे कसे जमवायचे यावर बरंच आलं. ते विद्यार्थ्यापर्यंत पोचतात की नाही हे शिष्यवृत्तीच्या अटींवर ठरतं, आणि अटी बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, घाईत लिहिल्या जातात.

‘फक्त ट्यूशनसाठी’ ही अट घालू नका. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे (म्हणजे एका क्रेडिटमागे) ४६ डॉलर पडतात. वर्षाला ३० युनिट घेतले तरी १,३८०. ज्यांना खरी गरज आहे त्यांची ही फी कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटने आधीच माफ झालेली असते. मग तुमचे १,००० डॉलर कुठे लागणार? विद्यार्थी अडतो तो भाड्यावर, गाडीच्या दुरुस्तीवर, पाळणाघरावर, पुस्तकांवर. नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर एनसीएलईएक्स या परवाना परीक्षेच्या नोंदणीलाच २०० डॉलर लागतात, राज्याच्या परवान्याची फी वेगळी. करारात ‘शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च’ असे शब्द ठेवा.

यात कराची एक बाजू आहे. ट्यूशन, आवश्यक फी, पुस्तकं यांवर गेलेली शिष्यवृत्ती करमुक्त, भाडं-जेवण यांवर गेलेली रक्कम विद्यार्थ्याच्या करपात्र उत्पन्नात येते. कमी उत्पन्नाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना त्यावर प्रत्यक्ष कर बसत नाही, पण ही माहिती निवडपत्रात द्या. एफ-१ (परदेशी विद्यार्थ्यांच्या) व्हिसावरच्या विद्यार्थ्याला राहण्याच्या खर्चासाठी रक्कम दिली तर १४ टक्के कर आधीच कापून भरण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. दोन देशांतल्या करविषयक करारामुळे सूट नसेल तर हे टळत नाही, म्हणून वाटपाआधी यादीत कोण कोणत्या व्हिसावर आहे ते कॉलेजच्या बिझनेस ऑफिसकडून तपासून घ्या.

बाहेरची शिष्यवृत्ती आली की फायनान्शियल एड ऑफिसला ती विद्यार्थ्याच्या मदतीत मोजावी लागते. पेल ग्रँटला (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांचं केंद्रीय अनुदान) सहसा हात लागत नाही, पण गरजेवर आधारित कर्ज, वर्क-स्टडी (कॉलेजातली अनुदानित नोकरी), एसईओजी (केंद्राचं पूरक अनुदान) कमी होऊ शकतात. कॅलिफोर्नियात २०२३-२४ पासून कायदा आहे की पेल किंवा ड्रीम ॲक्ट (अधिकृत कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीची राज्याची योजना) मदतीस पात्र विद्यार्थ्याची कॉलेजने स्वतः दिलेली अनुदानं खाजगी शिष्यवृत्तीमुळे कापता येत नाहीत, एकूण मदत शिक्षणाच्या एकंदर खर्चाच्या पुढे जात नाही तोवर. तरीही नावांची यादी जाहीर करण्याआधी एड ऑफिसला दाखवा. कोणाला सगळी रक्कम एका सत्रात द्यायची आणि कोणाला दोन सत्रांत विभागून, हे त्यांना दिसतं.

‘पूर्णवेळ, १२ युनिट’ ही अट घातलीत तर कॉलेजातले बहुसंख्य विद्यार्थी दारातच बाद होतात. ते अर्धवेळ शिकतात, कारण नोकरी करतात. ६ युनिट ठेवा. ३.५ जीपीए (४ पैकी सरासरी गुण) नको, २.५ पुरे. एफएएफएसए (केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज) सक्तीची करू नका, कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट अर्ज किंवा साधं उत्पन्नाचं निवेदन चालेल असं लिहा. निबंध असल्यास ३०० शब्दांचा एक. शिफारसपत्रं दोन मागितलीत की संध्याकाळचे वर्ग घेणारी, प्राध्यापकांना भेटायला वेळ नसलेली मुलं अर्जच करत नाहीत.

अटी जितक्या अरुंद, तितके पैसे पडून राहतात. ‘अमुक गावातली, वेल्डिंग शिकणारी, पहिल्या पिढीतली, ३.२ जीपीए असलेली’ अशी विद्यार्थिनी एखाद्या वर्षी नसतेच. म्हणून प्रत्येक करारात एक कलम असू द्या: पात्र अर्जदार न मिळाल्यास समिती जवळच्या निकषाच्या विद्यार्थ्याला देईल, आणि अभ्यासक्रम बंद पडल्यास फाउंडेशनला उद्देश बदलता येईल.

वाटपाची वेळ. पुस्तकं पहिल्या आठवड्यात लागतात. शिष्यवृत्ती सेन्सस तारखेनंतर (कॉलेज पटसंख्या मोजतं ती तारीख), म्हणजे सत्राचा सुमारे २० टक्के भाग उलटल्यावर द्यायची पद्धत फाउंडेशनला सोयीची आहे, कारण विद्यार्थी नाव काढून घेतो की नाही हे कळतं. पण तोवर त्याने पुस्तकाविना तीन आठवडे काढलेले असतात. निम्मी रक्कम सत्र सुरू होण्याआधी, निम्मी सेन्ससनंतर द्या. थोडी रक्कम बुडेल, ती बुडू द्या.

एन्डाउमेंटबद्दल: २५,००० कायम निधीत टाकले आणि ४ टक्के खर्चायचे ठरवले तर वर्षाला १,००० डॉलर, तेही पहिलं वर्ष बहुधा कोरडं, कारण आधी परतावा जमावा लागतो. हेच २५,००० सरळ वाटले तर पुढच्या शरद सत्रात २५ जणांना १,००० किंवा ५० जणांना ५००. पहिल्या कार्यक्रमाचे पैसे वाटा. एन्डाउमेंट ही मृत्युपत्रातून येणाऱ्या, मोठ्या, एकरकमी देणगीसाठी चांगली. वाटलंच तर २,५०० बाजूला काढून तातडीच्या मदतीचा निधी करा, माणशी ३०० पर्यंत, ४८ तासांत निर्णय. मार्चमध्ये गाडी बंद पडली म्हणून सत्र सोडणाऱ्याला ऑक्टोबरमधली शिष्यवृत्ती उपयोगाची नसते.

आता तुमच्या दोन देणगीदारांकडे. ज्यांना ओळखीच्या मुलीलाच द्यायचं आहे त्यांना सांगा की एका नेमलेल्या व्यक्तीसाठी फाउंडेशनमार्फत दिलेले पैसे ही करसवलतीची देणगी होत नाही, ती त्या मुलीला दिलेली भेट. त्यांनी तिला थेट द्यावेत, चांगलीच गोष्ट आहे. देणगीच करायची असेल तर ती ज्या अभ्यासक्रमात आहे त्या विषयाची शिष्यवृत्ती ठेवावी, निवड समिती करेल, आणि ते समितीत नसतील किंवा बहुमतात नसतील. ती मुलगी इतरांसारखा अर्ज करू शकते. निवड होईल याची हमी नाही, हेही त्याच भेटीत सांगा.

मंडळाचं थोडं वेगळं आहे. निवड कॉलेजचे कर्मचारी करतात आणि पैसे सरकारी कॉलेजच्या यंत्रणेतून जातात, तेव्हा वंश किंवा मूळ देश यांवरून अट घालणं टायटल सिक्स (केंद्राचा भेदभावविरोधी कायदा) आणि कॅलिफोर्नियाचं १९९६ सालचं प्रपोझिशन २०९ (सरकारी शिक्षणात वंशावरून प्राधान्य द्यायला बंदी) यांच्या विरुद्ध जातं. शिष्यवृत्तीला मंडळाचं नाव द्या, ते कायम राहील. निकष असे ठेवता येतात: घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारा, कॉलेजात जाणारी कुटुंबातली पहिली पिढी, चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर घेऊ पाहणारा. मराठी मूल त्यात अर्ज करू शकतं, पंजाबी आणि व्हिएतनामीही. करारावर सही होण्याआधी डिस्ट्रिक्टच्या वकिलाची नजर त्यावरून फिरू द्या.

सह्यकडा

जमाखर्च यांचा हिशेब बरोबर आहे, पण भोजनाच्या आधी एक गोष्ट व्हायला हवी असं मला वाटतं: कर्मचाऱ्यांची पगारकपात मोहीम. दोन आठवड्यांनी पगार होत असेल तर वर्षाला २६ पगार. प्रत्येक पगारातून १० डॉलर म्हणजे माणशी २६०. कॉलेजच्या १०० कर्मचाऱ्यांनी सही केली तर २६,००० डॉलर, केटरर नाही, विमा नाही, रिकाम्या खुर्च्या नाहीत. बोर्डाने मागितलेला आकडा इथेच पूर्ण होतो आणि पुढच्या वर्षी आपोआप चालू राहतो. पगार महिन्याला होत असेल तर २२ डॉलर मागा, वर्षाचे २६४ होतात. पेरोल विभागाला फॉर्म आणि वजावटीचा कोड बसवायला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यातच सुरुवात करा आणि शरद सत्राच्या उघडणीच्या दिवशी, सगळे एकत्र असताना, फॉर्म हातात द्या. मोहीम विभागातल्या सहकाऱ्याने चालवावी, विभागप्रमुखाने नव्हे. वरिष्ठाने मागितलं की तो दबाव होतो.

दुसरं, कंपन्यांची मॅचिंग योजना. बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीएवढी रक्कम घालतात, पण कर्मचाऱ्याने स्वतः पोर्टलवर मागणी नोंदवली तरच. देणगी कार्डावर ‘तुमची कंपनी’ हा एक रकाना ठेवा आणि कार्यक्रमानंतर आठवड्याभरात त्या प्रत्येकाला फाउंडेशनचा ईआयएन (संस्थेचा करक्रमांक) आणि कायदेशीर नाव पाठवा. कॉलेजचं नाव आणि फाउंडेशनचं नाव वेगळं असतं, पोर्टलवर लोकांना फाउंडेशन सापडत नाही आणि मॅचिंग तिथेच राहतं. तिकिटातला जेवणाचा भाग मॅच होत नाही.

धाव पहिल्या वर्षी नको. रस्ता बंद करायची परवानगी, वैद्यकीय पथक, टाइमिंग, टी-शर्ट. ५० जणांच्या नोंदणीत हे भागत नाही. हवीच असेल तर कॅम्पसच्या आतल्या रस्त्यावर फेऱ्या, टाइमिंगशिवाय, विद्यार्थी क्लबांना हाताशी धरून, आणि उद्देश पैसा नव्हे तर ओळख वाढवणं असा ठेवा.

जमाखर्च

सह्यकडा, पगारकपात मान्य. पण भोजन रद्द करू नका. पगारकपातीतून कॉलेजच्या आतले देणगीदार मिळतात, रुग्णालयाचा मुख्याधिकारी आणि बँकेचा व्यवस्थापक विद्यार्थ्यासमोर बसतो तो भोजनातच. पुढची १०,००० ची देणगी त्या टेबलावरून येते.

मृद्गंधा

सगळ्यांचे आभार. रॅफल काढून टाकायला सांगते, आणि पगारकपातीचा विषय बोर्डापुढे ठेवते. आणखी एक विचारायचं आहे: एका विद्यार्थ्याने मंचावर बोलावं असं ठरतंय. त्याची परिस्थिती किती सांगावी, कोणी ठरवायचं? आणि कार्यक्रमानंतरचं काम कधीपर्यंत उरकायचं?

उत्तरा

काय सांगायचं ते त्यानेच ठरवायचं. त्याची ग्रेड, मदतीची रक्कम अशी माहिती कॉलेजने देणगीदारांना द्यायची तर फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली त्याची लेखी संमती हवी, आणि त्यात कोणती माहिती, कोणाला, कशासाठी हे स्पष्ट असावं. फोटो-व्हिडिओची संमती वेगळ्या कागदावर. संमती न दिल्याने शिष्यवृत्तीवर परिणाम होणार नाही, हे वाक्य छापा आणि तोंडीही सांगा.

तीन मिनिटं, साधारण ३५० शब्द. घरातली अडचण, आजार, इमिग्रेशनची स्थिती यांबद्दल समितीने विचारूही नये. तो काय शिकतो, मिळालेल्या पैशांतून नेमकं काय झालं (कोणतं पुस्तक, कोणती परीक्षा, किती तासांची पाळी कमी करता आली) आणि पुढे कुठे जाणार, एवढं पुरेसं आहे. श्रोत्यांनाही तेच लक्षात राहतं. मंचावरून एकदा सराव करून घ्या, माइकसह. संध्याकाळच्या पाळीचा पगार बुडत असेल तर भरपाई कशी द्यायची ते एड ऑफिसला विचारून ठरवा. त्याच्या घरच्या दोघांना जेवायला बोलवा, त्या खुर्च्या पाहुण्यांच्या १० मध्ये धरा.

जमाखर्च

नंतरचं काम. त्याच रात्री रोख आणि चेक दोन जणांनी मिळून मोजायचे, दोघांच्या सह्या, दुसऱ्या दिवशी बँकेत. ४८ तासांत आभाराचा फोन, वरच्या दहा देणगीदारांना बोर्ड सदस्यांनी. दोन आठवड्यांत कराच्या पावत्या, देणगीचा आणि जेवणाचा भाग वेगळा दाखवून. हात वर केले पण पैसे दिले नाहीत अशांची यादी तिसऱ्या आठवड्यात काढा आणि त्यांना ईमेल नको, फोन करा. ३० जूनला आर्थिक वर्ष संपतं, त्याच्या आत ही येणी वसूल झाली तर ऑडिटला सोपं जातं. ऑक्टोबरमध्ये, शिष्यवृत्ती दिल्यावर, प्रत्येक देणगीदाराला एका पानाचा अहवाल: किती जमले, किती खर्च झाले, किती विद्यार्थ्यांना किती मिळाले, कोणत्या विषयांतले. नावं फक्त ज्यांनी संमती दिली त्यांची. पुढच्या वर्षीच्या प्रायोजकत्वाचं पत्र या अहवालानंतर दोन आठवड्यांनी जाऊ द्या, त्याच पाकिटात नको.